नव्या वॉचमनला चार्ज देताना

बस बिपुल. पंपाची वेळ, गाड्यांचे नंबर
सगळं रजिस्टरमध्ये आहे.
जे लिहिलेलं नाही, ते सांगतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या राऊतबाई
चारच्या सुमारास खाली येतील.
पर्स काखेत, एका पायात स्वतःची चप्पल,
दुसऱ्यात मुलाची सँडल.
म्हणतील, ड्यूटीला उशीर झाला.
कुठे चाललात, असं विचारू नकोस.
विचार, "आज लाइन कशी आहे?"

तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात
त्यांनी माणसं जोडून दिली:
बाळंतपणं, सोयरिकी, कुणाचं तरी 'ताबडतोब निघा',
तीन-तीन मिनिटांत.
तुझ्या खुर्चीवर बसतील. बसू दे.
इंटरकॉमचा रिसीव्हर हातात दे.
वर मी उचलतो.
मी कधी कोल्हापूर असतो, कधी त्यांचे साहेब.
मंगळवारी माझी फिजिओथेरपी,
तेव्हा चौथ्या मजल्यावरची तन्मयी कोल्हापूर.
ती जरा जास्तच हसते, पण चालतं.

पहिली तक्रार माझीच होती.
कुणीतरी सांगेलच तुला, म्हणून मीच सांगतो.
रात्री तीनला बेल वाजवायच्या त्या.
मी सोसायटीला अर्ज दिला, सुवाच्य अक्षरात,
'उपद्रव' हा शब्द वापरून.
मीटिंगला सून आली. अर्ज वाचून झाला.
ती काहीच बोलली नाही,
बांगडी मागे सारून मनगट दाखवलं फक्त:
दोरीचा वळ.
दुसरं टोक ती सासूच्या हाताला बांधून झोपायची,
उठल्या की कळावं म्हणून.
चहा आला होता. कुणी घेतला नाही.

तेव्हापासून ही वही. कोण कधी सोबतीला, ते यात.
गालाशेठ मेडिकल बंद करताना डोकावतो,
इस्त्रीवाला सेल्वम सकाळी दहा मिनिटं
त्यांच्याकडून रुमालांच्या घड्या घालून घेतो,
नंतर परत घालतो.
सगळे काही सुधारले नाहीत हं.
बी विंगमधले दोघं अजून म्हणतात, आश्रमात ठेवा.
त्यांचीही पाळी लावलीय. येत नाहीत.
पाळी खोडलेली नाही.

रामसजीवन गावी गेला त्या आठवड्यात
बदलीच्या माणसाला सांगायचं राहून गेलं.
त्याने गेट उघडलं, सलामही ठोकला.
साडेपाच तास, बिपुल.
अख्खा नवघर रोड पालथा घातला.
ऐरोलीच्या पुलाकडे एका केळेवाल्याने बसवून ठेवलं होतं.
स्वतःचं नाव सांगता येईना त्यांना.
माझ्या लँडलाइनचा नंबर मात्र सांगितला,
आठही आकडे, न अडखळता.
ते डबडं मी अजून बंद केलेलं नाही.

माझंही नाव येईल कधीतरी या वहीत,
दुसऱ्या रकान्यात.
असो. चाव्या घे.

आणि एक. कधी त्या तुलाच विचारतील,
"कोणता नंबर हवाय?"
गप्प बसू नकोस, खोटा देऊ नकोस.
गोलाघाटचा दे, तुझ्या आईचा.
त्या हवेतच कॉर्ड खोचतील, थोडं थांबतील,
म्हणतील, "बोला."
बोल मग, तुझ्या भाषेत, काय असेल ते.
त्या मधे ऐकत नाहीत. नियम आहे.
तीन मिनिटांनी म्हणतील, वेळ झाली.

वाढवून मागायची.
देतात.