शून्याचं बटण

शाजी फोरमन म्हणाला, "विश्राम, तू जा.
दहा इंची पात्यांचे दर घेऊन ये,
आणि कुठे सही करू नकोस."
म्हणून मी आज दुबईत, प्रदर्शनात,
गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काय करता?
म्हटलं, सुतार.
तिच्या यादीत सुतार नव्हता.
तिने छापलं: निर्णय घेणारे.

आत गारवा. आणि भुशाचा वास नाही.
एवढं लाकूड, एवढी यंत्रं,
आणि भुसा जन्मायच्या आधीच नळ्यांनी ओढून नेलेला.
पहिल्यांदा तेच खटकलं.

मग मात्र हरवलो.
इटलीच्या यंत्राने दीड मिनिटात जाळी कोरली,
पाकळीत पाकळी,
जिच्यासाठी आम्ही दोघे अजमानच्या व्हिलात
अकरा दिवस वाकलो होतो.
मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

जपानी करवत ओढताना कापते, ढकलताना नाही.
मी तीनदा ढकलली.
विकणारा हसला, मीही हसलो.
एकतीस वर्षांचा हात,
त्याला एवढ्यात कोण समजावणार.

फुकटच्या पेन्सिली सात.
एक पिशवी, जर्मन अक्षरांची.
आणि एका रंध्यापाशी मी चारदा फिरून आलो.
पितळी अंगाचा, महिन्याच्या पोरासारखा जड.
किंमत चौदाशे पन्नास.
दिरहमचे रुपये करू नयेत
हे पहिल्याच वर्षी शिकलो होतो.
केले.

बा असता तर पातं अंगठ्यावर टेकवून म्हणाला असता,
"ह्यो रंधो काय आरसो रे?"
त्याच्याकडे खैराचा होता, स्वतः घडवलेला,
आणि पेटीत वाकस, पटाशी, गिरमिट,
आणि एक गुण्या, जो तो वापरायचा नाही.
"डोळो होच खरो गुण्यो," म्हणायचा
आणि चौकट अर्धा बोट तिरकी बसवायचा.
ते दार आपोआप मिटायचं.
आईला बरं वाटायचं.

शेवटच्या रांगेत, चहाच्या टपरीशेजारी,
एक चिनी पोरगा काडेपेटीएवढी डबी विकत होता.
लोखंडाला चिकटते, कोन सांगते,
अंशाच्या दहाव्या भागापर्यंत.
पंचाण्णव.
शेवटचा दिवस म्हणून सत्तर.
निर्णय घेणाऱ्याने निर्णय घेतला.

रात्री सजात.
हो, वस्तीचं नावच सजा.
अरबीत काही वेगळं असणार,
पण मराठीत घरी सांगायची सोय नाही,
फोनवर मी शारजाच म्हणतो.

माझी खाट: एक पूर्णांक आठ.
गुलफराजची: तीन पूर्णांक एक.
"तरीच," तो म्हणाला, "सहा वर्षं मी भिंतीकडे घरंगळतोय."
मग रांगच लागली.
सुब्बय्याने शेगडी आणली,
कोणी कॅरमबोर्ड, कोणी नमाजाला जायची चप्पल.
काहीच सरळ निघेना.
मोजावं तसतसा आनंद वाढत गेला.

मग गुलफराजने मला उभं केलं,
दोन्ही खांद्यांवर लोखंडी पट्टी,
पट्टीवर डबी.
उजवा खांदा खाली. साडेचार.
खोली जरा गप्प झाली.

त्या डबीला एक बटण आहे.
दाबलं की जिथे ठेवली असेल
ते शून्य.
गुलफराजने तिथेच, माझ्या मानेमागे, दाबलं.
"घे," म्हणाला, "तू सरळ.
आता बाकीची दुनिया साडेचारने वाकडी."
केवढे हसलो आम्ही.
वरच्या बंकवरचा एक जण उठून शिव्या देऊ लागला.

दिवे गेल्यावर मी गळ्यातलं कार्ड काढलं,
चार घड्या घातल्या,
गुलफराजच्या खाटेच्या पायाखाली सारलं.
मोबाइलच्या उजेडात पुन्हा मोजलं.
शून्य पूर्णांक चार.
चालेल. बानेही तेवढं सोडलं असतं.

सकाळी साडेचारला बसच्या दारात शाजी:
"काय भाव आहेत पात्यांचे?"
मी खिशात हात घातला
आणि त्याला तीन पेन्सिली दिल्या.