उष्ट्याची वही

एकवीस वर्षं बोटीवर स्वयंपाक केला मी,
चाळीस माणसांचा, हलत्या शेगडीवर.
कोण जेवलं नाही ते थाळीवरून कळायचं:
लाट लागलेला नवखा पोऱ्या,
इंजिनरूमच्या उकाड्यानं सुजलेला तेलवाला,
घरून तार आलेला कोणी.
उष्टं बघून माणूस ओळखावा,
एवढीच विद्या घेऊन उभादांड्याला परत आलो.

आता जेवणारी एकच.
माडांच्या मागे, झापांच्या छपराखाली
कुशीवर पडलेली,
पोटाशी अकरा.
बारावं पहिल्याच रात्री तिच्या अंगाखाली गेलं.
कार्मेलिननं ते केळीच्या बुडाशी पुरलं.
नाव ठेवू देत नाही ती डुकरिणीला. म्हणते,
विकूच्या जनावराक नाव कित्याक?

डॉक्टर तेरसे सांगून गेले:
दोन किलो तिच्या जिवाला,
वर पिल्लामागे अर्धा.
म्हणजे साडेसात.
मी कागदावर लिहून दाराला टाचलं.
तिला काय वाचता येतंय.

व्यायली त्या दिवशी नुसती पेज चाटली.
मग एक किलो, मग दीड,
पाचव्या दिवशी अडीच, आणि तिथंच अडली.
ऑक्टोबरची काहिली. समुद्राकडून वारा नाही.
सकाळचं दुपारी आंबतं, माश्या बसतात,
मी खरवडून काट्यावर ठेवतो.
दिलं चार, उरलं दीड.
वहीत तोच आकडा चार दिवस,
गाळात रुतलेल्या होडीसारखा.

दूध मात्र अडत नाही.
तासातासाला ती खालच्या पट्टीत घुरघुरते
आणि अकराही आपापल्या थानाला लागतात.
ज्याचं त्याचं ठरलेलं;
रेशनच्या रांगेत मी एवढी शिस्त बघितली नाही.
पिल्लं पावासारखी फुगतात
आणि तिचा कणा वर येतो,
ओहोटीला खडक उघडा पडतो तसा,
रोज बोटभर.
थाळीत नाही ते ती कुठून वाढते?

मग मी वेळा बदलल्या, बोटीवरच्या पाळ्यांसारख्या.
रात्री नऊ, मध्यरात्र, पहाटे चार.
दुपारी फक्त पाणी; मडक्याला भोक पाडून
तिच्या मानेवर टांगलं, थेंब थेंब.
नव्या भाताचा कोंडा भिजवला, शेंगदाण्याची पेंड,
बांगड्याची डोकी शिजवून काटे काढलेली,
मिठाची चिमूट.
शेजारी पाण्याच्या तीन बालद्या.

पहिल्या रात्री हुंगलं आणि सोडलं.
तिसऱ्या पहाटे उठली.
आधी पुढचे पाय, मग सगळं धूड,
पिल्लं लोंबली, गळून पडली.
टोपात तोंड घातलं तिनं,
आणि तो मचमच आवाज!
एकवीस वर्षांत एकाही कॅप्टननं
माझ्या जेवणाला एवढी दाद दिली नाही.

कार्मेलिन बॅटरी धरून उभी होती.
मी दिवसाची बेरीज केली.
"साडेसहा गो," म्हटलं, "साडेसहा!"
ती आकड्याकडे बघत म्हणाली,
"माका कोणी असा मोजून वाढल्यान?"

सिप्रु झाला तेव्हा मी डर्बनच्या वाटेवर.
तिची पत्रं यायची. शेवटची ओळ ठरलेली:
मी जेवतंय, काळजी करू नुको.
मी पत्राची घडी पिठाच्या डब्यामागे ठेवायचो
आणि चाळीस थाळ्या वाढायचो.
सुट्टीवर आलो तेव्हा पोर चालत होतं.
दारात ती, गळ्याखालची हाडं मोजता येतील अशी,
आणि मी म्हटलं होतं,
बारीक झालीस, बरी दिसतेस.

चूल पेटलेलीच होती.
पेज गरम केली, वर खोबऱ्याचा रस,
एक सबंध बांगडा निखाऱ्यावर.
अजून उजाडलं नव्हतं. ती पडवीत बसून जेवली,
हळूहळू, माझ्याकडे न बघता.
मग ताट सारलं.

सवयीनं मी उष्टं बघितलं.
पोटाकडचा मऊ तुकडा, काटा काढून,
माझ्या बाजूला सारलेला.

वहीत लिहिलं: दिलं सात, उरलं अर्धा.
मागे अकरा परत ओरडायला लागली.