कठीणता साडेचार

चष्म्याच्या काचा घासण्यात बत्तीस वर्षं गेली,
अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात,
दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून.
दुकान सोडल्यावर यंत्र घरी आणलं, बिबवेवाडीला,
बाल्कनीत, वॉशिंग मशीनला खेटून,
आणि जे घासू नये ते घासायला बसलो.

फ्लोराईट, चार.
कॅल्साईट, तीन. त्याच्यातून मागची प्रत्येक कड दोनदा दिसते,
ऑपरेशन टाळणाऱ्या गिऱ्हाइकांना चंद्र दिसायचा तशी.
स्फॅलेराईटमध्ये हिऱ्याच्या तिप्पट आग,
पण भाजीच्या सुरीपुढे हात जोडतो.
आणि एक गंधकाचा, पिवळा, लिंबाच्या बीएवढा.
तो मी कधी हातात घेतला नाही.
तळव्याच्या उबेनंही तडकतो म्हणतात.
म्हणतात तेवढं पुरे.

कठीणता मोजायची पट्टी मोह्स नावाच्या माणसाची.
वाचताना मी शेवटचा स गिळतो.

सुलभा म्हणते, "माझ्या कुडीतला खडा पडून तीन वर्षं झाली.
घरात एवढे खडे, एक बसवण्याजोगा नाही?"
नाही.
अंगठीत घातला तर भांडी घासताना जाईल,
कुडीत घातला तर केस विंचरताना.
नुसती धूळ पुसली फडक्यानं तरी जाईल:
धुळीत गार असते, गारेची कठीणता सात.
म्हणून मी पुसत नाही, फुंकर घालतो.
चौकात मेट्रोसाठी खणत होते ती दोन वर्षं
डबी उघडलीच नाही.

हा वाघोलीचा. ॲपोफिलाईट.
पेलाभर पाण्यात हिरव्या शाईचा एक थेंब पडावा तसा.
सुरुंग उडाल्यावर खडकाच्या पोकळीत
खांद्यापर्यंत हात घालून
यल्लाप्पा धोत्रेनं काढला,
शिळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणला.
तीनशे म्हणाला. मी अडीचशे दिले.

चौदा रविवार लागले.
पापुद्र्याला समांतर गेलं की हा सोलतो, कांद्यासारखा,
म्हणून वरची सपाटी पाच अंश तिरकी धरली.
एका गुरुवारी राहवलं नाही, बसलो, आणि वीज गेली.
थांबता थांबता तबकडीनं एक कोपरा नेला.
पुन्हा पहिल्यापासून.
दहा कॅरेटचा चार राहिला.

सहा वर्षांनी यल्लाप्पा दारात.
खाण बुजली, तिथं बारा मजले उभे,
तो त्यांचाच रात्रपाळीचा वॉचमन, गणवेश खांद्यात सैल.
बरोबर नात, सहावीतली. तिच्या चष्म्याची दांडी निघाली होती,
दुकानात कुणीतरी माझा पत्ता दिला.
मी स्क्रू बसवला. मग राहवेना,
डबी काढली.

"ह्यो माझा?"
"तुमचाच."
"अंगठीत बसत न्हाई?"
"नाही."
"द्येवाला?"
"फुटेल."
"मग?"
"बघायचा."
तो हसला, वरचे दोन दात नसलेलं.
नात वाकली, नाक जवळजवळ कापसात.
"आज्जा, आत जिना हाय."

आणि त्यानं उचलला.
बी पेरण्याआधी बघतात तसा अंगठा फिरवला वरून,
अंगठ्याच्या भेगांत तीस वर्षांचा काळा दगड.
मी तोंड उघडलं होतं.
तेवढ्यात सुलभा चहा घेऊन आली.

ते गेल्यावर भिंगाखाली धरला.
वरच्या सपाटीवर एक रेघ,
केसाहून बारीक, टोकाला जराशी वळलेली.
दोन रविवारांचं काम. तबकडी तिथंच आहे,
वॉशिंग मशीनशेजारी.

मी चिठ्ठी तेवढी नवी केली:

ॲपोफिलाईट. वाघोली. कॅरेट तीन पूर्णांक नऊ.
कठीणता साडेचार.
काढणार यल्लाप्पा धोत्रे.
ओरखडा एक, तसाच ठेवणे.
किंमत तीनशे.
देणे पन्नास.