म्हणे

झोंगुल्दाकच्या कोर्टाबाहेर, चिनाराखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली घडी घातलेला जुना स्टॅम्पपेपर.
अठ्ठावीस वर्षं मी इथे लोकांची वाक्यं सरळ करतो.
लोक शेवटापासून सुरू होतात,
मधेच शेजाऱ्याची गाय येते, तिचं वासरू येतं,
मी विचारतो, कर्ता कोण? कुणी काय केलं?
उपमा तर बाहेरच काढून ठेवायला लावतो, चपलांसारख्या.
(ही एक झालीच. खाजगीत मी सैल असतो.)

अर्जात "काळीज करपलं" चालत नाही,
"नुकसान झाले" चालतं.
लांडग्यासारखा सासरा नाही, प्रतिवादी क्रमांक दोन.

त्या मंगळवारी दुरदाने आली.
फीच्या ऐवजी हेझलनटची पिशवी.
नवरा, बेद्री, तीनशे साठ मीटर खालच्या गॅलरीत.
आग लागली, हवा तोडायला भिंत बांधली,
भिंतीच्या अलीकडे सतरा जण मोजले,
पलीकडचे मोजले नाहीत.
याला सहा वर्षं झाली.
पेन्शनला निकाल लागतो,
निकालाला अर्ज लागतो, अर्जाला मी.

मी टाइप केलं: माझे पती सदर दुर्घटनेत मरण पावले.
वाचून दाखवलं.
ती म्हणाली, "पावले नाही. पावले म्हणे."

आता हे परक्याला सांगायचं कसं,
आमच्या भाषेत क्रियापद वाक्याच्या टोकाला बसतं
आणि त्याच्याही टोकाला दोन शेपटांपैकी एक:
पाहिलेल्याचं वेगळं, ऐकलेल्याचं वेगळं.
परीकथा, चहाड्या,
आपण झोपेत असताना पडलेला बर्फ,
हे सगळं ऐकलेल्यात.
साक्ष, पावती, पंचनामा पाहिलेल्यात.
न्यायाधीश ऐकलेल्याला हात लावत नाहीत.

"बाई, म्हणे घातलं तर अर्ज परत येईल."
"मी पाहिलं का?"
"नाही."
"तुम्ही?"
फितीवर माझं बोट, काळं झालेलं.
"मग पाहिल्यासारखं का लिहिता?"

मी वाक्य फिरवून पाहिलं.
कर्मणी केलं: मृत घोषित करण्यात यावे.
"कुणी घोषित करायचं? मी?"
भावे केलं, तर त्यातून माणूसच निघून गेला,
आधी तो, मग ती, मग मी.
मग इतक्या वर्षांनी मलाच रूपक सुचलं:
जमिनीनं एक वाक्य सुरू केलं
आणि क्रियापद यायच्या आत भिंत आली.
छान होतं. म्हणूनच टाइप केलं नाही.
एक हेझलनट फोडला, तो किडका निघाला.

दुपारच्या अजानपर्यंत तिनं शब्द न् शब्द तपासला.
"सदर" काढायला लावला: हा कोण सदर?
"दुर्घटना" काढली: आग म्हणा, धूर मी पाहिला.
तिथे तिनं पहिलं शेपूट स्वतः मागून घेतलं.
सकाळी कामावर गेला. पाहिलं.
पाव नेला, चीज टेबलावर विसरला. पाहिलं.
ते झाकून ठेवलं, संध्याकाळसाठी.
"हे कोर्टाला कशाला?" मी.
"मग कोर्टाला काय कळणार?"

खाली सहीच्या वर एवढंच उरलं:
भिंत बांधली. मी भिंत पाहिली.
तो पलीकडे आहे म्हणे.

"आहे" लिहिताना मी तिच्याकडे पाहिलं,
ती रस्त्याकडे पाहत होती.

अठरा दिवसांनी अर्ज परत आला.
कोपऱ्यात लाल शाईत शेरा: विधान अस्पष्ट.
त्याला क्रियापदही नव्हतं.

दुरदानेनं स्टूल ओढलं.
मी नवा कागद लावला, कार्बन लावला,
टेबल हललं, पायाखालची घडी पुन्हा सरकवली.
"कुठून सुरू करू?"
ती म्हणाली, "चीजपासून."