उणे नऊ

तार्तूत नदी गोठली तेव्हा
माइमू म्हणाली, चल, बाहेर बसू.
सत्तरीची बाई, बोटं छाटलेले हातमोजे,
पाण्याच्या बाटलीत चार थेंब व्होडका –
रंगाला थंडी वाजू नये म्हणून.

मी पुलाची कमान ओढली.
निळा पसरला, थबकला,
आणि कागदावरच बर्फ झाला:
नेच्याची पानं, काटे, पिसं.
यातलं काहीच मी काढलं नव्हतं.

पुसायला गेले,
तिनं मनगट धरलं.
तिची भाषा मला अजून अर्धीच येते;
"ओओता" एवढं कळलं.
थांब.

घरी, हीटरपाशी, पानं विरघळली,
पूल वाहून गेला.
उरली एक फिकट, वाकडी रेघ.
तीच भिंतीला लावलीय.

आई व्हिडिओवर विचारते, हे काय गं?
नदी, मी म्हणते.
ती मान तिरकी करते:
उलटी लावलीयेस.