चार बोटं

दोन वर्षं गुडघ्यांना मलम चोळतेय.
नार्वेची फेरी, दिवाडीचा चढ, पुन्हा फेरी,
मग रायबंदरच्या पुलावर पणजीपर्यंत
वारा तोंडावर.

इनासने गुडघे पाहिलेच नाहीत.
सायकल उलटी केली,
चेनवर बोट फिरवून हुंगलं.
“खोबरेल? हें केंसांक गो बाय, चेनीक न्हय.”
खाऱ्या वाऱ्याचा गंज
रॉकेलच्या फडक्यावर तांबूस उतरला.
मग सीटवर हात ठेवून म्हणाला,
“माप कुणाचं?”

दिराचं.
तो बोटीवर गेला, सायकल राहिली.
मी बसले ती तशीच, गुडघे दुमडून,
जशी घरातली बरीच कामं करते.

नट सैल. टाच पेडलवर, पाय सरळ.
चार बोटं वर. नट घट्ट.

आता बांधाच्या कडेने जाताना
पलीकडचं दिसतं:
मानशीचं उघडं दार, खाजनात शिरणारी भरती,
कुणाचं तरी वाळत घातलेलं जाळं.
एवढे दिवस हे सगळं
माझ्यापेक्षा चार बोटं उंच होतं.

चतुर्थीला दीर आला.
अंगणात टांग मारली, पाय पुरेनात.
पाना मागू लागला.
म्हटलं, चालत जा.
फेरी थांबते.