पाववाल्याचे ब्रेक

आठ महिने गाडी ओरडत होती.
मी रेडिओ मोठा केला.

पॅडच्या कडेला पत्र्याची एक बारीक जीभ असते,
इनास सांगतो, मुद्दाम ठेवलेली.
पॅड संपत आलं की ती चकतीला लागते
आणि बोंब मारते.
"गाडी सांगत होती तुका. तूच आयकलंस नाय."

जामसंड्याला, चढाच्या डोक्यावर त्याचं गॅरेज.
चाक काढलेली माझी ईको,
मागे पावाचे रिकामे क्रेट,
मडगार्डच्या आत तांबळडेगची वाळू.
चकतीच्या कडेवर त्याने माझं बोट धरून फिरवलं.
नख अडकलं.
तिथेच आकडाही कोरलेला होता,
इतकी पातळ झाली की काढा.
आम्ही तो आकडा केव्हाच मागे टाकला होता.

निघता निघेना. गंजाने हबला धरून बसलेली.
घाटावर सहा वर्षं जाते म्हणे, इथे तीन.
खाऱ्या वाऱ्याचं बिल येत नाही,
तो असा वसूल करतो.
आधी रॉकेल, मग ठोकळा ठेवून हातोडा,
मग इनासच्या तोंडून
रविवारी पाद्रीबाबाला सांगावं लागेल असं काहीतरी,
आणि सुटली.

कॅलिपर त्याने लोंबू दिला नाही.
जाळ्याच्या निळ्या दोरीने वर स्प्रिंगला बांधला.
"नळीर वजन येवक नको."
एवढा माणूस, एवढे काळे हात,
आणि त्या रबरी नळीची एवढी काळजी.

नव्या चकतीवरचं तेल पेट्रोलच्या फडक्याने पुसलं.
तिच्यात माझं तोंड दिसलं,
मधोमध भोक असलेलं.

"पयल्या वेळाक पाय तळाक जातलो, घाबरा नको."
गेला. काहीच नव्हतं खाली.
दुसऱ्यांदा अर्ध्यावर.
तिसऱ्यांदा पेडलने पाय परत ढकलला.
बिल पाच हजार दोनशे.
ते लाद्यांमध्ये मोजत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचार,
मिठबावची उतरण, वळण,
गाडी थांबली. नुसती थांबली.

द्रौपदीकाकीची टपरी बंद.
एरवी मी पोचेस्तोवर स्टोव्ह पेटलेला असतो.
कुत्रंही उठलं नाही.
गरम लाद्यांचा क्रेट छातीशी धरून उभा राहिलो.
सुरूंच्या पलीकडे समुद्र चालू होता,
या वळणावर तो ऐकू येतो
हे मी विसरलोच होतो.

खूप वेळाने काकी आली, बोटाला मशेरी.
"मेल्या, कधी इलंस?
तुझा किंचाळणां आयकल्याशिवाय
माका जाग येणा नाय!"

पुढे वसतिगृहावर तेच. मुलांनी
रात्रीच्या भातावर भागवलं होतं.
जेटीवर साबाजी म्हणाला, आज खाडा धरला तुझा.
दोन दिवस हॉर्न मारून पाहिला,
पण हॉर्न काय, कोणीही मारतं.

जुन्या चकत्या अजून सीटखाली आहेत.
एक साबाजीने मागितली, होडीच्या नांगराला.
दुसरी काकीने. टपरीच्या वाशाला टांगायची
आणि पहाटे मी वाजवायची, असं ठरलंय.

काल किल्लीने वाजवून पाहिली.
आकड्याच्या खाली गेलेली, कडा खाल्लेली,
आवाज मात्र ठणठणीत.